मेटा-ॲनालिसिसमधील विषमता कशी हाताळावी: बीसीजीच्या १३ चाचण्या घेऊन टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

एकाच प्रश्नावरचे वेगवेगळे अभ्यास एकत्र करून त्यांचा एक सरासरी आकडा काढणे, म्हणजेच मेटा-ॲनालिसिस, हे आता कोणत्याही संगणकावर काही मिनिटांचे काम झाले आहे. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो, कारण एकत्र केलेले अभ्यास बहुतेक वेळा एकमेकांशी सहमत नसतात. या असहमतीला विषमता म्हणतात. अनेक प्रबंधांत आणि शोधनिबंधांत तिच्याविषयी एकच वाक्य आढळते: ‘आय-स्क्वेअर ५० टक्क्यांपेक्षा जास्त असल्याने रँडम-इफेक्ट्स मॉडेल वापरले.’ (आय-स्क्वेअर हे विषमतेचे एक माप आणि रँडम-इफेक्ट्स ही सरासरी काढण्याची एक पद्धत; दोन्ही पुढे येतील.) त्या वाक्यात विषमतेची नोंद होते, पण ती किती आहे, कशामुळे आहे आणि वाचकाने तिच्यामुळे काय वेगळे समजावे, यांपैकी कशाचेही उत्तर मिळत नाही. विषमता हा निकालाचाच भाग आहे आणि तिची मांडणी सरासरीइतक्याच काळजीने झाली पाहिजे, अशी माझी ठाम धारणा आहे. पुढील टप्पे त्याच दृष्टीने लिहिले आहेत.

उदाहरण म्हणून मी क्षयरोगावरील बीसीजी लसीच्या १३ चाचण्या घेतल्या आहेत. ग्रॅहम कोल्डिट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात बीसीजीवरील चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला होता. त्यातील या १३ चाचण्यांचे कोष्टक संख्याशास्त्राच्या अध्यापनात आजही वापरले जाते आणि आर या संगणकभाषेतील ‘मेटाफोर’ या पॅकेजसोबत ते तयार मिळते, त्यामुळे खाली दिलेला प्रत्येक आकडा वाचकाला स्वतः काढून पाहता येईल. या १३ चाचण्यांपैकी दोन दक्षिण भारतातील आहेत, एक आंध्र प्रदेशातील मदनपल्ली येथील आणि दुसरी तमिळनाडूतील चेंगलपट्टू येथील. पुढे दिसेल की सर्वांत जड चाचणी हीच दुसरी आहे आणि सर्वांत अवघड प्रश्नही तिच्यामुळेच उभे राहतात.

पहिला टप्पा: आकड्यांना हात लावण्यापूर्वी

अभ्यासांमधील फरक तीन प्रकारचे असतात. रुग्णांचे वय, आजाराची तीव्रता, औषधाची मात्रा, पाठपुराव्याचा काळ यांतील फरक वैद्यकीय असतात. यादृच्छिक वाटप झाले होते का, निदान करणाऱ्याला गट माहीत होता का, किती जण मध्येच सुटले, हे फरक पद्धतीचे असतात. या दोन्हींचा परिणाम म्हणून निकालांत योगायोगापेक्षा जास्त फरक दिसू लागला की त्याला संख्याशास्त्रीय विषमता म्हणतात. सॉफ्टवेअर फक्त ही तिसरी मोजते. पहिल्या दोन संशोधकाला अभ्यास वाचूनच कळतात.

म्हणून प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाची आधी लिहून ठेवलेली योजना, लिहितानाच ठरवावे की कोणत्या कारणांमुळे परिणाम बदलू शकतो असे आपल्याला वाटते, आणि ती कारणे वैद्यकीय तर्कासह नोंदवून ठेवावीत. यॉर्क विद्यापीठाकडून चालवल्या जाणाऱ्या ‘प्रॉस्पेरो’ या नोंदवहीत आरोग्यविषयक आढाव्यांचे प्रोटोकॉल आधीच नोंदवता येतात. निकाल पाहिल्यानंतर सुचलेले स्पष्टीकरण खोटेच असते असे नाही. पण त्याला पडताळणी म्हणता येत नाही आणि लिहिताना तसा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. या टप्प्यावर तीन-चार कारणे पुरेत. वीस कारणांची यादी तयार केली, तर त्यातील एखादे निव्वळ योगायोगाने जुळून येणारच.

दुसरा टप्पा: मोजमापाची पट्टी निवडणे आणि नोंदी तपासणे

परिणाम कोणत्या पट्टीवर मोजला यावर विषमता बरीच अवलंबून असते. कॅनडातील १९४९ च्या चाचणीत लस घेतलेल्या ३०६ पैकी ६ जणांना आणि न घेतलेल्या ३०३ पैकी २९ जणांना क्षयरोग झाला, म्हणजे लस न घेतलेल्यांत जोखीम ९.६ टक्के होती. चेंगलपट्टूच्या चाचणीत दोन्ही गटांत प्रत्येकी ८८,३९१ व्यक्ती होत्या. लस घेतलेल्यांत ५०५ आणि न घेतलेल्यांत ४९९ रुग्ण आढळले, म्हणजे मूळ जोखीम ०.५६ टक्के होती. मूळ जोखमीत सतरापट फरक असताना जोखमींची वजाबाकी करून ते आकडे एकत्र केले, तर लस सगळीकडे सारखीच काम करत असली तरीही विषमता दिसेल. सापेक्ष जोखीम, म्हणजे दोन गटांतील जोखमींचे गुणोत्तर, अशा वेळी साधारणपणे अधिक स्थिर राहते. म्हणून येथे तीच पट्टी निवडली आहे.

गणित लॉगरिदमवर करायचे असते. कॅनडाच्या चाचणीत सापेक्ष जोखीम ६/३०६ भागिले २९/३०३, म्हणजे ०.२०५ येते आणि तिचा नैसर्गिक लॉगरिदम उणे १.५८५ येतो. त्याचा व्हेरिअन्स (योगायोगाने होणाऱ्या चढउताराचे माप) १/६ वजा १/३०६ अधिक १/२९ वजा १/३०३, म्हणजे ०.१९५ होतो. निदान एका अभ्यासाचे हे गणित हाताने करून पाहावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण सॉफ्टवेअरमध्ये स्तंभ उलटे भरले गेले असतील तर ती चूक इथेच पकडली जाते.

नोंदींतील चूक हे विषमतेचे सर्वांत सामान्य आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. लघुरूपांच्या गोंधळात स्टँडर्ड एररच्या (सरासरीची अनिश्चितता) जागी स्टँडर्ड डेव्हिएशन (व्यक्ती-व्यक्तींमधील पसारा) लिहिले जाते किंवा उलट होते, एखाद्या प्रश्नावलीत जास्त गुण म्हणजे सुधारणा तर दुसरीत जास्त गुण म्हणजे बिघाड असतो, महिने आणि आठवडे मिसळले जातात. एखादा अभ्यास इतरांपासून फार दूर दिसला, तर मॉडेल बदलण्याआधी मूळ लेख पुन्हा उघडावा. दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे नोंदी करून त्या ताडून पाहणे ही यासाठीची रूढ आणि खरोखर उपयोगी पद्धत आहे.

तिसरा टप्पा: फॉरेस्ट प्लॉट नीट वाचणे

कोणतीही संख्याशास्त्रीय चाचणी लावण्यापूर्वी फॉरेस्ट प्लॉट, म्हणजे प्रत्येक अभ्यासाचा निकाल आणि त्याची अनिश्चितता एकाखाली एक दाखवणारा आलेख, काढावा आणि त्याकडे पुरेसा वेळ द्यावा. बीसीजीच्या प्लॉटमध्ये एका टोकाला हैतीतील चाचणी आहे, जिची सापेक्ष जोखीम ०.२० आहे, तर दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील जॉर्जियातील चाचणी १.५६ वर आहे. मात्र जॉर्जियाच्या त्या चाचणीत एकूण ८ च रुग्ण होते, त्यामुळे तिचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी किंमत जेथे असावी असा अंदाजित पट्टा) फार रुंद आहे आणि तिचे टोकाचे स्थान फारसे बोलके नाही. खरी असहमती मोठ्या चाचण्यांत आहे. ब्रिटनच्या चाचणीत लस घेतलेल्या १३,५९८ पैकी ६२ आणि न घेतलेल्या १२,८६७ पैकी २४८ जणांना क्षयरोग झाला, म्हणजे सापेक्ष जोखीम ०.२४ आली; चेंगलपट्टूत ती १.०१ आली. या दोन्हींचे इंटरव्हल अरुंद आहेत आणि ते एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत. अशा दोन निकालांमधला फरक योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, हे डोळ्यांनाच दिसते.

प्लॉटमधील अभ्यासांचा क्रम बदलून पाहणेही उपयोगाचे असते. वर्षानुसार, आकारानुसार, आणि ज्या कारणाचा संशय आहे त्यानुसार क्रम लावला, की पुष्कळदा कल आधीच दिसू लागतो.

चौथा टप्पा: मॉडेल प्रश्नावरून ठरवणे

फिक्स्ड-इफेक्ट मॉडेल, त्याच्या प्रचलित अर्थाने, असे गृहीत धरते की सर्व अभ्यासांमागे एकच खरा परिणाम आहे आणि निकालांतील फरक फक्त नमुन्याच्या योगायोगातून आले आहेत. रँडम-इफेक्ट्स मॉडेल मानते की प्रत्येक अभ्यासाचा खरा परिणाम थोडा वेगळा असू शकतो आणि आपण त्या परिणामांच्या वितरणाची सरासरी व पसारा शोधत आहोत. कोणते मॉडेल घ्यायचे हे आपला प्रश्न आणि अभ्यासांचे स्वरूप पाहून आधी ठरवायचे असते. आधी विषमतेची चाचणी लावून तिच्या पी-व्हॅल्यूनुसार (खरा फरक नसतानाही इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) मॉडेल निवडणे ही रूढ सवय चुकीची आहे, कारण अभ्यास थोडे असताना ती चाचणी दुबळी असते आणि भरपूर असताना किरकोळ फरकही पकडते.

मॉडेल बदलले की वजने कशी बदलतात हे या उदाहरणात ठळक दिसते. फिक्स्ड-इफेक्ट मॉडेलमध्ये एकट्या चेंगलपट्टूच्या चाचणीला ४१ टक्के वजन मिळते, तर अमेरिकेतील १९४८ च्या छोट्या चाचणीला केवळ अर्धा टक्का. रँडम-इफेक्ट्समध्ये हीच वजने अनुक्रमे १० आणि ५ टक्के होतात. परिणामी एकत्रित सापेक्ष जोखीम पहिल्या मॉडेलमध्ये ०.६५ येते, कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.६० ते ०.७० राहतो, दुसऱ्यात ती ०.४९ येते आणि इंटरव्हल ०.३४ ते ०.७० इतका रुंदावतो. छोट्या अभ्यासांना मिळणारे हे वाढीव वजन नेहमीच इष्ट असते असे नाही. छोटे अभ्यास निकृष्ट दर्जाचे असतील किंवा त्यातले फक्त अनुकूल निकाल छापले गेले असतील, तर रँडम-इफेक्ट्स मॉडेल तो पक्षपात वाढवते. म्हणून ते विषमतेवरचा उपचार आहे असे समजू नये.

पाचवा टप्पा: विषमता मोजणे

येथे तीन मापे लागतात आणि तिन्हींची कामे वेगळी आहेत.

कॉक्रन यांचा क्यू म्हणजे प्रत्येक अभ्यासाचे सरासरीपासूनचे अंतर वर्ग करून, वजनाने गुणून केलेली बेरीज. विषमता मुळीच नसेल तर त्याची अपेक्षित किंमत अभ्यासांच्या संख्येपेक्षा एकने कमी असते. बीसीजीसाठी अपेक्षित किंमत १२ आहे आणि प्रत्यक्ष क्यू १५२.२३ येतो. विषमता आहे हे यातून निःसंशय कळते, पण किती आहे हे कळत नाही. अभ्यास थोडे असतील तेव्हा पी-व्हॅल्यू मोठी आली म्हणून अभ्यास एकसारखे आहेत असा निष्कर्ष कधीही काढू नये.

आय-स्क्वेअर हे माप हिगिन्स आणि थॉम्पसन यांनी २००२ मध्ये मांडले. क्यूमधून १२ वजा करून त्याला क्यूने भागले, की १४०.२३ भागिले १५२.२३, म्हणजे ९२.१ टक्के मिळतात. याचा अर्थ निकालांमध्ये जो एकूण फरक दिसतो, त्यातला सुमारे ९२ टक्के भाग खऱ्या परिणामांतील फरकामुळे आहे आणि उरलेला योगायोगाचा. हे प्रमाण आहे, परिमाण नाही. खऱ्या परिणामांचा पसारा तोच ठेवून प्रत्येक अभ्यास दहापट मोठा केला, तर योगायोगाचा भाग कमी होऊन आय-स्क्वेअर वाढेल, जरी वैद्यकीयदृष्ट्या काहीही बदललेले नसेल. म्हणूनच फार मोठ्या अभ्यासांच्या मेटा-ॲनालिसिसमध्ये आय-स्क्वेअर ९५ टक्के असूनही फरक किरकोळ असू शकतात, आणि छोट्या अभ्यासांत तो २० टक्के असूनही फरक महत्त्वाचे असू शकतात. वैद्यकीय आढावे तयार करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या मार्गदर्शनातही २५, ५०, ७५ अशा कप्पेबंद मर्यादा दिलेल्या नाहीत. तेथे ३० ते ६० टक्के मध्यम, ५० ते ९० टक्के लक्षणीय, असे एकमेकांत मिसळणारे पट्टे आहेत आणि त्यांचा अर्थ परिणामाची दिशा व आकार पाहून लावावा असे सांगितले आहे.

परिमाण हवे असेल तर टाऊ-स्क्वेअरकडे वळावे लागते. खऱ्या परिणामांच्या वितरणाचा व्हेरिअन्स म्हणजे टाऊ-स्क्वेअर, आणि त्याचे वर्गमूळ म्हणजे टाऊ, जो परिणामाच्याच पट्टीवर वाचता येतो. तो काढण्याच्या अनेक पद्धती आहेत. १९८६ मधली डरसिमोनियन-लेअर्ड पद्धत सोपी असल्याने वर्षानुवर्षे चालत आली, पण विषमता मोठी असताना ती टाऊ-स्क्वेअर कमी दाखवते असे अनेक तुलनात्मक चाचण्यांत दिसले आहे. सर्वसाधारण वापरासाठी मी रेमल, म्हणजे रिस्ट्रिक्टेड मॅक्झिमम लाइकलिहुड पद्धत सुचवेन. पौले-मँडेल हीही चांगली पर्यायी पद्धत आहे. आपल्या उदाहरणात डरसिमोनियन-लेअर्डने ०.३०९ आणि रेमलने ०.३१३ मिळते, म्हणजे येथे निवडीने फारसा फरक पडत नाही. टाऊ ०.५६ येतो.

या मापांचीही अनिश्चितता सांगावी लागते, आणि हा भाग बहुतेक लेखांतून गळलेला असतो. क्यू-प्रोफाइल पद्धतीने टाऊ-स्क्वेअरचा कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.१२ ते १.११ येतो आणि आय-स्क्वेअरचा ८२ ते ९८ टक्के. तेरा अभ्यास असूनही पसाऱ्याचा अंदाज इतका सैल असेल, तर चार-पाच अभ्यासांत तो किती सैल असेल याची कल्पना करता येते.

सहावा टप्पा: सरासरीचा इंटरव्हल सुधारणे

रँडम-इफेक्ट्सचा नेहमीचा इंटरव्हल टाऊ-स्क्वेअर अचूक माहीत आहे असे समजून काढला जातो, त्यामुळे अभ्यास थोडे असताना तो गरजेपेक्षा अरुंद राहतो. हार्टुंग-नॅप पद्धत नॉर्मल वितरणाऐवजी टी वितरण वापरते आणि स्टँडर्ड एररमध्येही दुरुस्ती करते. बीसीजीत त्यामुळे इंटरव्हल ०.३४–०.७० वरून ०.३३–०.७३ होतो, म्हणजे निष्कर्ष टिकून राहतो. अभ्यास दोनच असतील तर मात्र टी वितरणाचा गुणक १.९६ ऐवजी १२.७ होतो आणि इंटरव्हल इतका रुंद होतो की त्यातून काहीच हाती लागत नाही. उलट, अभ्यासांचे निकाल योगायोगाने फारच जवळजवळ आले असतील, तर हीच पद्धत इंटरव्हल अनपेक्षितपणे अरुंद करू शकते. दोन्ही पद्धतींचे इंटरव्हल काढून शेजारी ठेवावेत आणि मुख्य कोणता हे प्रोटोकॉलमध्येच ठरवलेले असावे.

सातवा टप्पा: प्रेडिक्शन इंटरव्हल

माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत उपयुक्त आकडा हाच आहे, आणि तोच सर्वाधिक वेळा वगळला जातो. कॉन्फिडन्स इंटरव्हल सांगतो की सरासरी परिणाम कुठे असावा. नव्या ठिकाणी, नव्या लोकसंख्येत खरा परिणाम कुठे असू शकेल हे प्रेडिक्शन इंटरव्हल सांगतो. आरोग्य अधिकाऱ्याला आपल्या जिल्ह्यापुरता यांपैकी दुसरा प्रश्नच महत्त्वाचा असतो.

गणित सोपे आहे. सरासरीच्या स्टँडर्ड एररचा वर्ग, म्हणजे ०.०३२, टाऊ-स्क्वेअर ०.३१३ मध्ये मिळवावा आणि वर्गमूळ काढावे, ते ०.५८८ येते. त्याला १.९६ ने गुणून लॉगरिदमच्या सरासरीच्या, म्हणजे उणे ०.७१५ च्या, दोन्ही बाजूंना ठेवावे आणि उत्तर पुन्हा सापेक्ष जोखमीत आणावे. इंटरव्हल ०.१५ ते १.५५ येतो. हार्टुंग-नॅपचा स्टँडर्ड एरर आणि टी वितरण घेतले तर तो ०.१४ ते १.७६ होतो. सरासरीचा इंटरव्हल पूर्णपणे १ च्या खाली आहे, पण नव्या ठिकाणचा परिणाम ८५ टक्के संरक्षणापासून काहीच संरक्षण नसण्यापर्यंत कुठेही असू शकतो. खऱ्या परिणामांचे वितरण नॉर्मल मानले, तर त्यातील सुमारे १० टक्के परिणाम १ च्या वर पडतात. ‘बीसीजीमुळे क्षयरोगाची जोखीम निम्मी होते’ हे वाक्य सरासरीपुरते बरोबर असूनही एकटे छापले तर दिशाभूल करणारे का ठरते, हे या दोन आकड्यांवरून कळते.

आठवा टप्पा: कारणांचा शोध

विषमता आहे हे कळल्यावर आधी नोंदवून ठेवलेल्या कारणांकडे वळावे. कारण गटवार असेल, उदाहरणार्थ वाटपाची पद्धत, तर उपगटांची तुलना करता येते. बीसीजीच्या सात चाचण्यांत वाटप यादृच्छिक होते, दोन चाचण्यांत एक सोडून एक असे होते आणि चार चाचण्यांत इतर ठरावीक पद्धतीने होते. या तीन गटांच्या एकत्रित सापेक्ष जोखमी अनुक्रमे ०.३८, ०.६० आणि ०.६५ येतात. आकडे पाहून यादृच्छिक चाचण्यांत लस अधिक परिणामकारक ठरली असे लिहिण्याचा मोह होतो. पण गटांमधील फरकाची चाचणी लावली की पी-व्हॅल्यू ०.४१ येते आणि टाऊ-स्क्वेअर जराही कमी होत नाही. एका गटाचा निकाल सार्थ (योगायोगापलीकडचा) आणि दुसऱ्याचा नाही, यावरून दोन गट वेगळे आहेत असे कधीही म्हणू नये; गटांमधील फरकाचीच थेट चाचणी लावावी.

कारण संख्यात्मक असेल तर मेटा-रिग्रेशन, म्हणजे त्या कारणानुसार अभ्यासांचा परिणाम कसा बदलतो हे रेषेने मोजण्याची पद्धत, वापरावे. बीसीजीबाबत चाचणीच्या ठिकाणाचे विषुववृत्तापासूनचे अंतर, म्हणजे अक्षांश, हे बऱ्याच काळापासून चर्चेतले कारण होते. उष्ण प्रदेशांत मातीत आणि पाण्यात आढळणाऱ्या इतर मायकोबॅक्टेरियांशी लोकांचा आधीच संपर्क आलेला असतो आणि त्यामुळे लसीचा वेगळा परिणाम दिसत नाही, अशी त्यामागची एक प्रमुख उपपत्ती आहे.

अक्षांश मॉडेलमध्ये घातल्यावर उतार उणे ०.०२९ येतो, त्याचा इंटरव्हल उणे ०.०४३ ते उणे ०.०१५ आहे. याचा अर्थ अक्षांश दर अंशाने वाढला की सापेक्ष जोखीम सुमारे ३ टक्क्यांनी घटते. मदनपल्ली आणि चेंगलपट्टू ज्या १३ अंशांवर आहेत तेथे अंदाजित सापेक्ष जोखीम ०.८८ येते, तर ४४ अंशांवर ०.३६. टाऊ-स्क्वेअर ०.३१३ वरून ०.०७६ पर्यंत खाली येतो, म्हणजे विषमतेचा सुमारे ७६ टक्के भाग अक्षांशाशी जोडता येतो. उरलेल्या विषमतेचा क्यू ३०.७ आहे, अपेक्षा ११ ची होती, म्हणजे अक्षांशाने सगळे उलगडलेले नाही.

इथे थांबून एका चाचणीकडे जवळून पाहावे. हैतीची चाचणी १९ अंशांवर आहे, म्हणजे जवळपास मुंबईच्याच अक्षांशावर. मॉडेलनुसार तेथे सापेक्ष जोखीम ०.७४ असायला हवी होती. प्रत्यक्षात ती ०.२० आली. रेषेच्या स्वतःच्या अनिश्चिततेचा विचार बाजूला ठेवला तरी, नुसत्या उरलेल्या टाऊमुळे १९ अंशांवरील खऱ्या परिणामाचा संभाव्य पट्टा ०.४३ ते १.२७ इतका पसरतो. तेव्हा या रेषेवर मुंबईचा बिंदू शोधून मुंबईसाठी लसीचा आकडा जाहीर करणे योग्य होणार नाही. शिवाय ही चर्चा क्षयरोगाच्या एकूण रुग्णसंख्येविषयी आहे. लहान मुलांतील मेंदूज्वराच्या स्वरूपाचा क्षयरोग आणि शरीरभर पसरणारा मिलिअरी क्षयरोग यांपासून बीसीजी चांगले संरक्षण देते हे स्वतंत्रपणे प्रस्थापित आहे आणि भारतात ही लस जन्मतः त्यासाठीच दिली जाते. चेंगलपट्टूच्या आकड्यावरून पालकांनी वेगळा निष्कर्ष काढू नये, हे लिहिणाऱ्याने स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

मेटा-रिग्रेशनच्या मर्यादा मोठ्या आहेत. अभ्यासांना ठिकाणे यादृच्छिकपणे वाटून दिलेली नसतात, त्यामुळे अक्षांशासोबत लसीचा वाण, साठवणुकीतील उष्णता, लोकांचे वय, चाचणीचा काळ हे सगळे बदलत असते. अभ्यासाच्या पातळीवरचे नाते व्यक्तीच्या पातळीवर लागू होईलच असेही नाही: सरासरी वय जास्त असलेल्या अभ्यासांत औषध कमी चालले, म्हणून वृद्ध रुग्णांत ते कमी चालते असे सिद्ध होत नाही. तसा प्रश्न सोडवायचा असेल तर मूळ अभ्यासांतील प्रत्येक रुग्णाची माहिती मिळवून विश्लेषण करावे लागते. एका कारणामागे किमान १० अभ्यास असावेत हा ढोबळ नियम पाळावा. १३ अभ्यासांत एकाहून अधिक कारणे घालणे मी टाळेन.

नववा टप्पा: वेगळे पडणारे अभ्यास

एकेक अभ्यास वगळून पुन्हा विश्लेषण करावे. चेंगलपट्टूची चाचणी वगळली तर क्यू १५२ वरून ६८ वर येतो, फिक्स्ड-इफेक्टची सापेक्ष जोखीम ०.६५ वरून ०.४८ होते, रँडम-इफेक्ट्सची ०.४९ वरून सुमारे ०.४५ होते, पण आय-स्क्वेअर तरीही ८४ टक्के राहतो. म्हणजे विषमतेचा दोष एकट्या चाचणीवर टाकता येत नाही.

आणि समजा टाकता आला असता, तरी ती वगळणे योग्य ठरले नसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेच्या सहकार्याने केलेली ही चाचणी या संचातील सर्वांत मोठी आहे. निकाल इतरांसारखा नाही एवढ्याच कारणाने अभ्यास काढून टाकणे म्हणजे आपल्याला हवे ते उत्तर आधी ठरवणे. वगळायचे असेल तर पद्धतीतील दोष दाखवावा, आणि वगळून व न वगळता असे दोन्ही निकाल द्यावेत.

याच टप्प्यावर फनेल प्लॉट (अभ्यासांचे निकाल त्यांच्या अचूकतेसमोर मांडणारा आलेख) काढण्याची आणि त्याचा तिरपेपणा तपासणारी एगर यांची चाचणी लावण्याची प्रथा आहे. विषमता मोठी असताना प्लॉटचा तिरपेपणा प्रकाशनातील पक्षपातामुळे आहे की खऱ्या फरकांमुळे, हे वेगळे करता येत नाही, आणि अभ्यास १० पेक्षा कमी असतील तर ती चाचणी लावूच नये.

दहावा टप्पा: एकत्र करावे की नाही

चार-पाच अभ्यास असतील आणि ते दोन विरुद्ध दिशांना जात असतील, तर सरासरी न काढता फॉरेस्ट प्लॉट देऊन प्रत्येक अभ्यासाचे वर्णन करणे हा पूर्णपणे मान्य पर्याय आहे. परिणामाची दिशा सारखी असून फक्त आकार बदलत असेल, तर एकत्र करायला हरकत नसते. अभ्यास थोडे असूनही एकत्र करणे आवश्यक असेल, तर टाऊविषयी आधीच्या ज्ञानावर आधारलेले वितरण घेऊन बायेसियन पद्धत वापरता येते; मात्र ते वितरण कुठून आले हे सांगावे आणि ते बदलल्यास उत्तर किती हलते हेही दाखवावे.

अकरावा टप्पा: लिहिणे

निकालाच्या परिच्छेदात टाऊ-स्क्वेअर काढण्याची पद्धत, इंटरव्हलची पद्धत, सॉफ्टवेअर आणि त्याची आवृत्ती यांचा उल्लेख असावा. आपल्या उदाहरणाचा परिच्छेद मी असा लिहीन: ‘१३ चाचण्यांत बीसीजी घेतलेल्यांमध्ये क्षयरोगाची सरासरी सापेक्ष जोखीम ०.४९ होती (रेमल आणि हार्टुंग-नॅप, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.३३ ते ०.७३). चाचण्यांमधील फरक मोठा होता (टाऊ-स्क्वेअर ०.३१, इंटरव्हल ०.१२ ते १.११, आय-स्क्वेअर ९२ टक्के) आणि नव्या ठिकाणी अपेक्षित परिणामाचा पट्टा ०.१४ ते १.७६ होता. विषुववृत्तापासून दूरच्या ठिकाणी संरक्षण अधिक आढळले. अक्षांशाने विषमतेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उलगडला, परंतु उरलेली विषमता योगायोगापेक्षा जास्त होती. वाटपाच्या पद्धतीने फरक उलगडला नाही.’

पुराव्याची खात्री ‘ग्रेड’ पद्धतीने ठरवताना असंगतीच्या निकषावर गुण कमी करायचे की नाहीत, हे आय-स्क्वेअरच्या टक्केवारीवर न ठरवता प्रेडिक्शन इंटरव्हल निर्णय बदलणाऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना जातो का ते पाहून ठरवावे. येथे तो १ च्या दोन्ही बाजूंना जातो, म्हणून मी गुण कमी करेन, आणि अक्षांशाने मिळालेले आंशिक स्पष्टीकरण तळटीपेत देईन. प्रत्येक अभ्यासाचे चार मूळ आकडे, म्हणजे दोन्ही गटांतील रुग्ण आणि एकूण व्यक्ती, जोडपत्रात द्यावेत, म्हणजे दुसऱ्या कोणालाही हे गणित पुन्हा करता येईल.